एक्स्चेंजचा विद्यार्थी आणि दुसरे घर

शाळकरी मुलांना वर्षभर परक्या देशातल्या कुटुंबात ठेवण्याची मोठी मोहीम दुसऱ्या महायुद्धानंतरची. युद्धात जखमींच्या गाड्या चालवणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांनी 1947 मध्ये ती सुरू केली. भारत-अमेरिका शैक्षणिक देवाणघेवाणीचा फुलब्राइट करार 1950 चा, पण तो उच्च शिक्षण आणि संशोधनासाठी. युरोपने 'इरॅस्मस' या विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाण योजनेची 1987 मध्ये 11 देशांतल्या 3,244 विद्यार्थ्यांपासून सुरुवात केली. तिथला विद्यार्थी बहुधा वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतो. कोल्हापुरात 'एक्स्चेंज' म्हणजे मात्र पहिला प्रकार : पंधरा ते अठरा वर्षांचे मूल, दहा-अकरा महिने, घरात.

घर एकच असावे की तीन, हा या पद्धतीतला जुना वाद. काही योजना वर्षभर एकाच कुटुंबात ठेवतात, काही दर तीन-चार महिन्यांनी घर बदलतात. एका घराच्या बाजूने म्हणणे असे, की आपलेपणा जडायलाच तीन महिने जातात, आणि नेमके तेव्हा मुलाने पेटी उचलायची. यात तथ्य आहे. पण एकाच घरात राहिलेले मूल त्या घराच्या सवयींनाच 'भारतीय संस्कृती' समजून परत जाते. शाहूपुरीतल्या शाकाहारी जैन घरात चार महिने काढून मंगळवार पेठेत रविवारच्या तांबड्या-पांढऱ्यावर बसलेल्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही, की एकाच गावात स्वयंपाकघराचे नियम किती वेगळे असतात. या शहराला हे नवे नाही. करवीर संस्थानात 1901 पासून समाजासमाजाची वेगळी बोर्डिंगे उभी राहिली. त्यातून शिक्षण खेडोपाडी पोहोचले, पण राहण्याचे वर्तुळही आखले गेले. यजमान कुटुंबे एकाच ओळखीच्या वर्तुळातली निवडली, तर तीन घरे बदलूनही मूल एकाच घरात राहते.

तारखांचा घोळ याहून मोठा. मूल ऑगस्टच्या आसपास येते. गणपती, अंबाबाईचे नवरात्र, दसरा चौकातले सीमोल्लंघन, दिवाळी, सगळे पहिल्याच घराच्या वाट्याला. तिसऱ्या घराकडे उरतात परीक्षा आणि एप्रिल-मेचा उन्हाळा. जोतिबाची चैत्र यात्रा सापडली तर सापडली. म्हणून पहिला बदल नवरात्राच्या आधी करावा. महिना-दीड महिन्यात हलवणे कठोर वाटते, पण मग दुसऱ्या घराला दसरा-दिवाळी मिळते आणि पहिल्या घराशी गणपतीचे नाते राहते.

बिघडते ते दोन ठिकाणी. घरातले सगळे आपले इंग्रजी सुधारून घेतात आणि मुलाला 'वाढा', 'पुरे', 'येतो' याच्या पुढचे मराठी येत नाही. रोजचे निदान जेवण तरी मराठीत व्हावे. दुसरे, 'पाहुणा' हा शब्द. पाहुण्याला ताट उचलू द्यायचे नाही, ही आपली रीत. पण ताट न उचलणारे मूल वर्षभर पाहुणाच राहते. दुसऱ्या आठवड्यात एक काम त्याच्या नावावर करावे : पाणी भरणे, भाजी निवडणे, दूध आणणे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी भारतीय आणि परदेशी विद्यापीठांच्या संयुक्त पदवीला वाट दिली. दोन्हीकडे किमान 30 टक्के क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, मिळवावे लागतात. त्या नियमांत हिशेब क्रेडिटचा आहे. विद्यार्थी कोणाच्या घरी जेवतो, हा प्रश्न त्यांत येत नाही.