दगडावर न कोरलेलं बंदर

डेव्हिड रॉबर्ट्स हा स्कॉटिश चित्रकार १८३९ साली पॅलेस्टाइन-लेबनॉनच्या किनाऱ्याने हिंडत होता. लेबनॉनमधल्या टायर बंदराचं त्याचं चित्र माझं फार आवडतं. ते छपाईसाठी दगडावर उतरवलं लुई हाग यानं. त्याचा उजवा हात जन्मापासून अधू होता, म्हणून सगळं काम डाव्या हाताचं. असं चित्र दाखवलं की हमखास ऐकू येतं, "केवढं बारीक कोरलंय!" पण शिळाछापाचा दगड कोरतच नाहीत. तो सपाट असतो. सगळी करामत रसायनशास्त्राची. १७९०च्या दशकात ती सापडली आलोइस झेनेफेल्डरला, स्वतःची नाटकं स्वस्तात छापण्याच्या खटपटीत.

दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडक, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर मेण, चरबी, साबण आणि काजळीच्या खडूनं चित्र काढायचं. खडूतली मेदाम्लं दगडातल्या कॅल्शियमशी संयोग पावतात आणि कॅल्शियमचा साबण तयार होतो. बोअरवेलच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही, बादलीला पांढरट थर धरतो, तो हाच पदार्थ. तो पाण्यात विरघळत नाही आणि पाण्याला जवळही येऊ देत नाही. मग दगडावर डिंकाचं पाणी चढवतात, किंचित नायट्रिक आम्ल घालून. रेघ नसलेल्या जागी डिंकाचा अतिशय पातळ थर घट्ट बसतो आणि ओल धरून ठेवतो.

आता छपाईवाला टर्पेंटाइननं चित्र चक्क पुसून टाकतो! दगड जवळजवळ कोरा दिसतो. त्यावर ओला स्पंज फिरवून तेलकट शाईचा रूळ चालवला की बंदर पुन्हा उमटतं. गेली ती काजळी, साबणाचा थर जागेवरच असतो. शाई त्यालाच धरते, ओल्या जागेला नाही.

आणि ते शांत पाणी, धूसर आकाश? दगड आधी वाळूनं घासून रवाळ केलेला असतो. खडू हलका टेकवला तर फक्त उंचवट्यांच्या टोकांना लागतो, दाबला तर खोलगटातही उतरतो. छापताना शाई सगळीकडे सारखीच काळी पडते, बदलतं ते ठिपक्यांचं आकारमान. चित्रात करडा रंग नाहीच, तो आपला डोळा तयार करतो. दुसऱ्या दगडावरून फिकट पिवळसर छटा छापतात आणि उजेडाच्या जागी तो दगड मोकळा ठेवतात, म्हणजे कागदाचा पांढरेपणा तसाच राहतो.

जुन्या छपाईत 'हरवलेली गुप्त विद्या' होती, असे संदेश फिरत असतात. काहीही हरवलेलं नाही. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला रवी वर्मा छापखाना याच तत्त्वावर चालला. आजचं वर्तमानपत्रही ऑफसेटवर छापतात तेव्हा तेल-पाण्याचं तेच वैर कामाला येतं, फक्त दगडाऐवजी ॲल्युमिनियमची प्लेट.

कुणी 'अस्सल जुनी प्रत' म्हणून असं चित्र विकायला आणलं तर आकाशावर भिंग धरा. ठिपके वेडेवाकडे, रवाळ दिसले तर तो दगडाचा पोत असू शकतो. एका ओळीत शिस्तीत बसलेले दिसले, तर ती फोटोवरून केलेली नंतरची छपाई आहे.