वारा किती, यापेक्षा कुठून?

इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीज केंद्रात आठ शीतलन मनोरे (केंद्रातलं गरम पाणी थंड करणारे उंच मनोरे) दोन रांगांत उभे होते. १ नोव्हेंबर १९६५ च्या वादळात त्यातले तीन कोसळले, आणि तिन्ही मागच्या, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या रांगेतले. पुढच्या मनोऱ्यांनी वाऱ्याला तोंड दिलं आणि ते टिकले. त्यांच्या फटींतून वेगाने घुसलेली, भोवऱ्यांनी भरलेली हवा मागच्यांवर आदळली. पवन-बोगद्यातल्या, म्हणजे कृत्रिम वारा सोडून घेतलेल्या चाचण्या मात्र एकट्या मनोऱ्याच्या प्रतिकृतीवर झाल्या होत्या. रांगेला काटकोनात वाहणारा वारा निराळा आणि रांगेच्या दिशेने वाहणारा निराळा, हे अभियंत्यांच्या मनावर या घटनेने कायमचं कोरलं.

शहराच्या रस्त्यावर हाच खेळ रोज चालतो. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या रस्त्यावर वारा आडवा आला की तो छतांवरून पुढे सरकतो आणि खाली एक मोठा भोवरा फिरू लागतो. त्यामुळे फुटपाथवर हवा छतावरच्या वाऱ्याच्या उलट दिशेने वाहते आणि वाहनांचा धूर वारा येतो त्या बाजूच्या इमारतीच्या पायथ्याशी साचतो. वारा रस्त्याला समांतर असेल तर तोच धूर लांबवर वाहून जातो. तिरका असेल तर हवा मळसूत्रासारखी पिळे घेत पुढे जाते. कॅनडातले हवामानशास्त्रज्ञ टिम ओक यांनी १९८८ मध्ये आडव्या वाऱ्याचं गणित सुटसुटीत मांडलं. इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीच्या सुमारे दोन-तृतीयांशाहून वाढली की वारा खाली फारसा उतरतच नाही. मला हे या विषयातलं सर्वांत उपयोगी सूत्र वाटतं, कारण ते आराखडा कागदावर असतानाच तपासता येतं.

नगररचनेत दिशेचा विचार तसा जुनाच. वारा कोपऱ्यांवर फुटावा म्हणून रस्ते त्याच्या थेट रेषेत आखू नयेत, असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगून गेला. जर्मनीत डोंगरांनी वेढलेल्या स्टुटगार्टने १९३८ मध्ये हवामानतज्ज्ञ नेमला. सार्सच्या २००३ मधल्या साथीनंतर हाँगकाँगने नव्या प्रकल्पांसाठी वायुवीजनाचं, म्हणजे हवा खेळती राहते का याचं मूल्यमापन सुरू केलं. तिथल्या उकाड्यात कोंडलेली हवा हाच खरा धोका, म्हणून सल्लाही व्हिट्रुव्हियसच्या उलट आहे: मुख्य रस्ते प्रचलित (बहुतेक वेळ वाहणाऱ्या) वाऱ्याला समांतर, किंवा फार तर ३० अंशांपर्यंत तिरके ठेवा.