सेल्फ कधी घेतो, कधी घेत नाही: मधूनच अडणाऱ्या गाडीचं निदान

मे महिन्यातली दुपार. धुळ्याहून निघालेली गाडी पारोळ्याला चहासाठी थांबते. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर नुसता 'टक्' आवाज येतो. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. बोनेट उघडलं जातं, कोणी टर्मिनल हलवून बघतं, कोणी बॅटरी गेल्याचं सांगून मोकळं होतं. अर्ध्या तासाने तीच गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते आणि जळगावच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकसमोर दहा वेळा सुरू होऊन दाखवते. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते. महिन्याभराने सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर. त्यानंतर चावीमागचा इग्निशन स्विच. आणि एवढा खर्च होऊनही एके दिवशी गाडी पुन्हा तशीच अडते.

यात मेकॅनिकचा दोष फारसा नसतो. बिघाड हजर नसताना घेतलेली सगळी मापं चांगल्या गाडीचीच मापं असतात. मधूनच येणारा दोष तो आलेला असतानाच मोजावा लागतो, आणि तो आपल्या सोयीने येत नाही. म्हणून अडल्या क्षणी काय पाहायचं, काय ऐकायचं हे मालकालाच आधी माहीत असायला हवं.

सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवा: सेल्फ इंजिन फिरवतोय का? फिरवत असेल आणि तरी गाडी सुरू होत नसेल, तर बॅटरी आणि सेल्फ दोघंही निर्दोष सुटले. दोष पेट्रोल-डिझेल, ठिणगी किंवा सेन्सरकडे आहे. फिरवतच नसेल, तर पेट्रोलच्या पंपाकडे आणि ठिणगीच्या प्लगकडे बघायची गरज नाही. 'गाडी चालू होत नाही' या एका वाक्यात हे दोन वेगवेगळे आजार लपलेले असतात आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सेल्फ फिरत नसेल तर केबिनमधला दिवा लावा आणि त्याच्याकडे बघत चावी फिरवा. (हेडलाइट पाहू नका, बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना ते आपोआप बंद होतात.) दिवा पूर्ण विझला, तर बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा अर्थिंगला (बॅटरीचा मायनस बॉडीला आणि इंजिनला जोडणारी वायर) जोड सुटलाय, नाहीतर बॅटरी आतून तुटलीय. दिवा बराच मंद झाला आणि सेल्फ कण्हल्यासारखा फिरला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जाम होतोय. दिवा जवळजवळ तसाच राहिला आणि एकच खणखणीत 'टक्' आला, तर सेल्फच्या सॉलेनॉइडचे (चावी फिरवल्यावर दांडा ओढून मोटरला करंट जोडणारं विजेचं चुंबक) संपर्क जळलेत किंवा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) झिजलेत. तापलेल्या गाडीत याचं आणखी एक कारण असतं, ते पुढे येईल. दिवा तसाच आणि आवाजही नाही, तर हुकूम सेल्फपर्यंत पोचतच नाही: इग्निशन स्विच, रिले (लहान करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), फ्यूज, क्लच पेडलचा किंवा गिअरच्या न्यूट्रलचा स्विच, नाहीतर सॉलेनॉइडची कॉइलच तुटलेली. आणि 'टकटकटकटक' अशी लागोपाठ टकटक आली, तर ती कमी व्होल्टेजची खूण. सॉलेनॉइड ओढला जातो, मोटरला करंट मिळतो, त्याबरोबर व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, सॉलेनॉइड पुन्हा ओढला जातो. सेकंदात कितीतरी वेळा.

आता बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर (व्होल्ट, करंट आणि रोध मोजणारा मीटर) १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो, १२.२ म्हणजे बॅटरी साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली म्हणजे जवळपास रिकामी. पण उभ्या गाडीवरचा हा आकडा फसवतो. बॅटरीत सहा घरं एकापुढे एक जोडलेली असतात. त्यांच्यामधल्या शिशाच्या जोडाला तडा गेला, तरी मीटर आरामात १२.६ दाखवतो, कारण मीटर जवळपास करंट घेतच नाही. सेल्फने दीडशे-दोनशे अँपिअर मागितले की तो जोड सुटतो आणि व्होल्टेज एकदम दोन-तीनवर येतं. थोड्या वेळाने, किंवा नुसत्या हादऱ्याने, जोड परत टेकतो. म्हणून खरा आकडा सेल्फ मारतानाचा. मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर धरा, त्यांवर बसवलेल्या वायरीच्या पकडीवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. व्होल्टेज साडेनऊच्या वर टिकलं तर बॅटरीला दोष देऊ नका. गाडी सुरू झाल्यावर त्याच खुंटांवर १३.८ ते १४.५ यायला हवेत. त्याखाली असेल तर इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर बॅटरी भरत नाहीये.

खुंट आणि क्लॅम्प यांत फरक करायचं कारण साध्या गुणाकारात आहे. शिशाच्या खुंटावर पांढरा-हिरवट क्षार चढून जोडात ०.०२ ओहम रोध आला, असं समजा. एवढा बारीक रोध साध्या मल्टिमीटरला दिसतही नाही. पण त्यातून १५० अँपिअर जाताना ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बॅटरी १०.५ व्होल्ट देते, सेल्फच्या हाती साडेसात पडतात. शिवाय त्या एका जागी साडेचारशे वॅट उष्णता तयार होते. त्यामुळे अडलेल्या प्रयत्नानंतर चावी बंद करून क्लॅम्पला हात लावला तर दोषी जोड बरेचदा चटका देतो. हे नेमकेपणाने मोजायचं तर रोध मोजू नका, व्होल्टची गळती मोजा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त म्हणजे अर्थिंग खराब. तसंच प्लस खुंट ते सेल्फचा जाड नट: अर्ध्या व्होल्टच्या आत हवं.

अर्थिंगची याहून सोपी परीक्षा जम्पर केबलने होते. गाडी अडलेली असताना केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या एखाद्या जाड बोल्टला लावा. सेल्फ ताबडतोब फिरला तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी बदला. दोनदा बॅटरी बदलून झालेल्या गाड्यांमध्ये ही पट्टी एकदा तरी नक्की तपासावी. ती खाली चिखलात आणि धुळीत असते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

टर्मिनल साफ करताना आधी मायनस काढा आणि शेवटी मायनसच लावा. उलट केलं आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून क्षार धुवा, कोरडं करा, शिसं चकाकेपर्यंत घासा, घट्ट करा आणि मगच वरून व्हॅसलीन लावा.

खान्देशात या सगळ्याला उन्हाची जोड मिळते. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या शिशाच्या जाळ्या झपाट्याने गंजतात. तापमान दहाएक अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. पण गंमत अशी की उन्हाळ्यात मोडलेली बॅटरी उन्हाळ्यात तक्रार करत नाही. गरम असताना तिची रासायनिक क्रिया जलद चालते आणि गाडी सुरू होत राहते. तक्रार येते ती डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा. थंड ऑइल घट्ट झालेलं, इंजिन फिरवायला जड, आणि बॅटरी आधीच अर्धमेली. तेव्हा बॅटरी दोन वर्षांची झाली की प्रत्येक दिवाळीच्या सुमारास सेल्फ मारतानाचं व्होल्टेज एकदा बघून घ्यावं.

उन्हाचा दुसरा मार सेल्फवर बसतो. इंजिन बंद झालं की पाण्याचा पंप थांबतो, समोरून वारा येत नाही, आणि इंजिनच्या पोटातली उष्णता बाहेर येऊन बोनेटखाली साठते. गाडी थांबल्यानंतरची पहिली वीस-तीस मिनिटं तिथलं तापमान उलट वाढतं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. सॉलेनॉइडची कॉइल ६० अंशांनी तापली तर रोध जवळपास पाव हिस्सा वाढतो, करंट साधारण पाचव्या हिश्श्याने घटतो आणि ओढ त्याहूनही जास्त घटते. त्यात इग्निशन स्विचच्या जुन्या संपर्कात एखादा व्होल्ट गळत असेल, तर कॉइल दांडा पूर्ण ओढू शकत नाही. पारोळ्याची गाडी अशी अडते. थंड झाल्यावर तीच कॉइल पुन्हा पुरेशी ओढते. सेल्फच्या अंगावर लाकडाच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू झाली, तर मात्र कार्बन झिजलेत असं समजा. ठोकण्याने कार्बन काही वेळ टेकतात, एवढंच. सेल्फ खोलून कार्बन, बुश आणि संपर्काची तांब्याची चकती बदलली की काम होतं. दरवेळी नवा सेल्फ घ्यावा लागत नाही.

सेल्फ एका दमात दहा सेकंदांहून जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट तरी जाऊ द्या. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर बसवला तेव्हापासून त्याचं तत्त्व हेच आहे: लहान मोटर, काही सेकंद, क्षमतेबाहेरचं काम.

आता दुसरा आजार: सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चावी 'ऑन'ला आणून कान द्या. बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची घरघर येते. नेहमी येणारी ती घरघर अडल्या वेळी आलीच नाही, तर पंप, त्याचा रिले, फ्यूज किंवा वायर. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले बहुधा त्याच नंबरचा असतो. तो पंपाच्या जागी लावून बघणं ही फुकटातली परीक्षा आहे. आवाज येतो, पण सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, तर पंपाचा व्हॉल्व्ह दाब धरून ठेवत नसेल. चावी तीन वेळा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर संशय पक्का.

सीएनजी गाडीवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. कित्येक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि नंतर गॅसवर जातात. पेट्रोलचा काटा कायम तळाला ठेवला की टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहत नाही. त्याला थंडावा देणारं पेट्रोलच नसल्यामुळे तो तापून झिजतो आणि आधी मधूनमधून, मग कायमचा बंद पडतो. टाकी पाव हिस्सा तरी भरलेली ठेवा.

पंप चालतोय, तर सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. अनेक गाड्यांत तो जरासा उचलला जातो. अडल्या वेळी काटा शून्यावर चिकटून राहिला, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला हाच सेन्सर सांगतो. त्याची खबर नाही मिळाली तर कॉम्प्युटर ना ठिणगी देतो ना पेट्रोल. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३३५ हा कोड याच सर्किटचा. कोड नसला तरी सेन्सर निर्दोष ठरत नाही. दोन वायरींच्या सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तारेची कॉइल असते. तार एखाद्या जागी तुटलेली पण टेकलेली असेल, तर तापून फुगल्यावर फट पडते, निवल्यावर पुन्हा टेकते. सेन्सर काढून मीटर ओहमवर लावा आणि केस वाळवायच्या ड्रायरने शेकवा. आकडा हळूहळू चढत जाणं ठीक. चढता चढता एकदम अनंतावर उडाला तर चोर सापडला. तीन वायरींच्या बहुतेक सेन्सरवर ही परीक्षा चालत नाही, त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं.

इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा), म्हणजे चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला, तर दुसरी चावी वापरून बघा. डिझेल पिकअप रात्रभर उभी राहून सकाळी अडत असेल, तर पाइपात हवा शिरतेय का हे डिझेलचा हातपंप दाबून कळतं: पंप मऊ लागला आणि बऱ्याच दाबांनंतर कडक झाला, तर गळती टाकी ते फिल्टर या वाटेत शोधा. फक्त थंडीतच अडत असेल तर सिलिंडर आधी तापवणारे हीटर प्लग बघा.

दोन-तीन दिवस उभी ठेवल्यावरच गाडी अडते, ही तक्रार निराळी. तिथे वीज झिरपतेय. बंद गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आत करंट घ्यावा. डिकीतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर तो दिवसाला दहा अँपिअर-तास खातो, म्हणजे ३५ अँपिअर-तासाची बॅटरी तीन-चार दिवसांत संपली. मायनस क्लॅम्प काढून मीटर १० अँपिअरवर मध्ये लावा, अर्धा तास थांबा, मग एकेक फ्यूज काढत जा. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टम किंवा जीपीएस आधी बघा. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

आणि एवढ्यानेही दोष सापडला नाही, तर सापळा लावा. दोन छोटे ५ वॅटचे बल्ब घ्या. एकाची वायर सॉलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला, दुसऱ्याची पंपाच्या प्लस वायरला, दोन्हींत एकेक छोटा फ्यूज, बल्बची दुसरी टोकं बॉडीला. बल्ब काचेचे, आत तार असलेलेच घ्या. एलईडी अगदी कमी करंटवर पेटतो, त्यामुळे एका धाग्यावर लोंबणारी वायरही धडधाकट वाटते. दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर दिसतील असे चिकटवा आणि गाडी नेहमीसारखी वापरा. पंधरा दिवसांनी असो की महिन्याने, चोपड्याच्या बाजारात असो की कन्नडच्या घाटात, गाडी अडेल त्या क्षणी बल्ब बघा. सेल्फ फिरला नाही आणि पहिला बल्ब लख्ख पेटला, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या जाड वायरीत. तो पेटलाच नाही, तर चावीपासून सॉलेनॉइडपर्यंतच्या वाटेत. सेल्फ फिरला पण दुसरा बल्ब अंधारा, तर रिले किंवा त्याची वायर. दोन्ही लख्ख असून पंपाचा आवाज नाही, तर पंप. मोबाइलवर त्याच वेळी व्हिडिओ काढा: बल्ब, आरपीएमचा काटा, आवाज, आणि किती वेळ गाडी उभी होती, किती तापलेली होती हे तोंडाने बोलून ठेवा. गॅरेजमध्ये गाडी सुरू झाली तरी हा व्हिडिओ मेकॅनिकला दाखवता येतो.