मेणातली वाळू आणि मुळांनी बांधलेली माती

ऑल-वेदर ट्रॅक, म्हणजे कोणत्याही हवामानात घोड्यांच्या शर्यती घेता याव्यात म्हणून बनवलेला कृत्रिम ट्रॅक, म्हटलं की आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर हॉकीच्या मैदानावरचं प्लास्टिकचं हिरवं गवत येतं. मग निकालही झटपट लागतो: 'नकली गवतावर कसली आलीय घोड्यांची शर्यत!' मुळात या ट्रॅकवर गवत नसतंच, ना खरं ना खोटं. असते ती वाळू. तिच्यात कापडाचे किंवा गालिच्याचे तंतू आणि रबराचे बारीक तुकडे कालवलेले असतात आणि या सगळ्यावर मेणाचा पातळ थर चढवलेला असतो. ब्रिटनमधले जुने रेसप्रेमी हे सगळं जाणतात, तरीही 'मजा टर्फवरच', म्हणजे खऱ्या गवताच्या ट्रॅकवरच, असं ठासून सांगतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे का, हे पाहायचं तर आधी खुराखाली काय घडतं ते बघायला हवं. मला तर शर्यतीतला सगळ्यात विलक्षण भाग तोच वाटतो.

थोडा इतिहास. ब्रिटनमधली पहिली ऑल-वेदर शर्यत ३० ऑक्टोबर १९८९ रोजी लिंगफील्डच्या रेसकोर्सवर झाली. हिवाळ्यात जमीन गोठली की शर्यती रद्द व्हायच्या आणि त्यावर चालणारा सगळा व्यवहार ठप्प व्हायचा. त्यावर काढलेला हा उपाय. पाठोपाठ साउथवेलचा ट्रॅक आला. आज लिंगफील्ड, साउथवेल, वुल्व्हरहॅम्प्टन, केम्प्टन, चेम्सफर्ड आणि न्यूकॅसल असे सहा ट्रॅक तिथे आहेत, तर आयर्लंडमध्ये डन्डॉक आहे. सुरुवातीच्या मिश्रणांची जागा पुढे दोन नावांनी घेतली: मार्टिन कॉलिन्स यांचं पॉलिट्रॅक आणि मायकेल डिकिन्सन यांचं टॅपेटा. हे डिकिन्सन म्हणजे १९८३ च्या चेल्टनहॅम गोल्ड कप या अडथळ्यांच्या मोठ्या शर्यतीत ज्यांचे घोडे पहिले पाचच्या पाच आले, तेच प्रशिक्षक.

आता खुराकडे वळू. शर्यतीचा घोडा साधारण ५०० किलोचा, आणि वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास. एका झेपेत तो सुमारे सात मीटर अंतर कापतो, म्हणजे सेकंदाला दोनाहून जास्त झेपा. प्रत्येक झेपेत प्रत्येक पाय एकदाच जमिनीला टेकतो, तोही जेमतेम सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्या वेळात त्या एका पायावर येणारा भार घोड्याच्या वजनाच्या जवळपास अडीच पट होऊ शकतो. सव्वा टन ओझं, आणि त्याखाली आपल्या पंज्याएवढा खूर! २४०० मीटरच्या शर्यतीत हे प्रत्येक पायाच्या वाट्याला साधारण ३४० वेळा येतं.

त्या दहाव्या भागातही चार टप्पे असतात. आधी खूर जमिनीवर आपटतो. तेव्हा त्याच्यावर अजून शरीराचा भार नसतो, पण आदळण्याची कंपनं हाडातून वर जातात. मग अंगाचं वजन त्याच्यावर येतं आणि खूर किंचित पुढे घसरतो. हे घसरणं फार मोलाचं. जमिनीने खूर जागच्या जागी करकचून धरला, तर सगळा धक्का नळीच्या हाडावर जातो; फारच घसरू दिला, तर घोड्याचा तोल जातो. तिसऱ्या टप्प्यात भार सर्वांत जास्त असतो. खुराच्या वरचा सांधा जवळजवळ जमिनीला टेकेल इतका खाली दबतो आणि पायामागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, ताणली जाते. चौखूर धावताना ती मूळ लांबीच्या सोळा-एक टक्के ताणली गेल्याची मोजमापं आहेत, आणि तिच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत चढल्याचीही. शेवटी खुराचं टोक जमिनीला मागे रेटतं आणि घोडा पुढे फेकला जातो.

म्हणजे जमिनीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा आहेत. खालच्या दिशेने दाब आला की तिने थोडं दबायला हवं, आणि आडव्या दिशेने रेटलं की घट्ट उभं राहायला हवं. आडव्या रेट्याला कण जो विरोध करतात, त्याला अभियंते कर्तन-सामर्थ्य म्हणतात. ते येतं कुठून?

अलिबागच्या किनाऱ्यावर चालून पाहा. वरच्या कोरड्या वाळूत पाय रुततो. ओहोटीने नुकत्याच उघड्या पडलेल्या ओलसर पट्ट्यावर सायकलसुद्धा चालते. आणि पाण्यात उभं राहिलं की पायाखालची वाळू पुन्हा सरकू लागते. वाळू तीच, फरक पाण्याचा. ओलसर वाळूत दोन कणांमध्ये पाण्याचे इवलेसे पूल तयार होतात. पृष्ठताणामुळे हे पूल कणांना एकमेकांकडे ओढून धरतात आणि वाळूला बळ येतं. पाणी वाढून सगळ्या पोकळ्या भरल्या की पूल एकमेकांत मिसळतात, ओढ संपते. उलट कोंडलेल्या पाण्याचा दाब कणांना दूर ढकलतो, त्यांच्यातलं घर्षण कमी होतं आणि जमीन हात टेकते.

टर्फवर या खेळात आणखी दोन भिडू असतात: चिकणमाती आणि मुळं. चिकणमातीचे कण इतके बारीक की पाणी सहजासहजी सोडत नाहीत. मुळांचं जाळं त्या मातीला शिवून ठेवतं. खूर रेटतो तेव्हा हे जाळं आधी ताणतं, मग एका मर्यादेला गवताचं ढेकूळच उखडून मागे उडतं. पावसाने माती तुडुंब भिजली की खूर खोल जातो, तो बाहेर काढायलाच ताकद खर्ची पडते. काही घोडे अशा जमिनीवर खुलतात, काही हतबल होतात.

ऑल-वेदर ट्रॅकची सगळी करामत म्हणजे पाण्याचं हे काम मेणाला देणं. मेणाने मढवलेले कण एकमेकांना धरून राहतात आणि मेण पाण्याला झिडकारतं. पावसाचं पाणी कणांमध्ये अडकून न राहता खालच्या खडीच्या थरातून निघून जातं. मुळांची जागा तंतू घेतात, दबण्याचं काम रबर करतं. म्हणून तिथल्या जमिनीचा अहवाल वर्षभर बहुधा एकच असतो: 'स्टँडर्ड'. टर्फवर मात्र टणक जमिनीपासून चिखलापर्यंत फर्म, गुड, सॉफ्ट, हेवी आणि त्यांच्या मधल्या छटा.

पण मेणाला ऊन चढतं. या मेणाला बर्फासारखा ठरावीक द्रवणांक नाही. लांब-आखूड हायड्रोकार्बन साखळ्यांचं ते मिश्रण असतं, त्यामुळे ते टप्प्याटप्प्याने, बऱ्याच मोठ्या तापमानकक्षेत मऊ होत जातं. कॅलोरीमापीत, म्हणजे उष्णता मोजणाऱ्या उपकरणात, नमुना तापवला की आलेखात उष्णता शोषण्याचे अनेक रुंद उंचवटे दिसतात, प्रत्येक उंचवटा एकेका घटकाचा. मऊ मेणाची श्यानता, म्हणजे त्याचा दाटपणा, बदलली की कर्तन-सामर्थ्य बदलतं आणि ट्रॅकचा वेगही. कॅलिफोर्नियात पहाटेच्या गारव्यात सराव करणारा घोडा आणि दुपारच्या उन्हात तिथेच शर्यत धावणारा घोडा वेगवेगळ्या जमिनीवर पळत होते, असं म्हटलं तरी चालेल. शिवाय उन्हाने मेणाचं ऑक्सिडीकरण होतं, तंतू तुटतात, लीद मिसळते. दर शर्यतीनंतर ट्रॅक्टरमागे कुळव लावून थर मोकळा करावा लागतो आणि काही वर्षांनी नवं मेण घालावं लागतं.

कॅलिफोर्नियाचा विषय निघालाच आहे तर गाजावाजा विज्ञानाचं कसं नुकसान करतो तेही सांगतो. २००६ मध्ये तिथल्या नियामक मंडळाने मोठ्या रेसकोर्सना मातीचे, म्हणजे गवत नसलेले 'डर्ट' ट्रॅक काढून कृत्रिम ट्रॅक घालण्याची सक्ती केली. देखभाल नगण्य, पाऊस पडला तरी चिंता नाही, अशी जाहिरात होती. सांता अनिताला २००८ च्या जानेवारीत पाऊस आला, निचरा तुंबला आणि शर्यती रद्द झाल्या! २०१० मध्ये तो ट्रॅक पुन्हा मातीचा झाला, २०१५ मध्ये डेल मारचाही. यात जे खरोखर सिद्ध झालं होतं, तेही वाहून गेलं. उत्तर अमेरिकेत २००९ ते २०१३ या काळात दर हजार धावांमागे दगावणाऱ्या घोड्यांची संख्या मातीवर साधारण २, टर्फवर १.६ आणि कृत्रिम ट्रॅकवर १.२ होती. घोड्यावर प्रेम करणाऱ्याने हे आकडे नजरेआड करू नयेत. मात्र ते सपाट, म्हणजे वाटेत अडथळे नसलेल्या शर्यतींचे आहेत. ब्रिटनमध्ये ऑल-वेदरवर अडथळ्यांच्या शर्यतीही घेऊन पाहिल्या, आणि घोडे दगावू लागल्यावर १९९४ मध्ये त्या थांबवल्या.

नालेबद्दलही एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्याकडे काळ्या घोड्याची नाल दाराला ठोकतात, तिची अंगठी करून शनीच्या साडेसातीवर घालतात. शर्यतीच्या दिवशी घोड्याच्या खुराला बहुतेक वेळा लोखंडाची नाही, ॲल्युमिनियमची हलकी पट्टी असते. कारण पायाच्या टोकाला वाढलेला प्रत्येक ग्रॅम दर झेपेला मागेपुढे हलवावा लागतो. लोखंडाला शनीचा धातू ठरवणाऱ्यांनी घोड्याच्या रंगाला गुण चिकटवले. खुराला रंगाशी काही देणंघेणं नाही, आणि नाल झिजते ती घर्षणाने. लोकांच्या भीतीवर चाललेला हा धंदा बंद व्हायला हवा.

तर मग मजा कुठे जास्त? टर्फवर प्रेक्षकाला वाचायला जास्त मिळतं, हे निर्विवाद. महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यती टर्फवरच्या. आपल्याकडे जमीन मोजायला पेनेट्रोमीटर वापरतात: एक चौरस सेंटिमीटर छेदाची दांडी, तिच्यावर १ किलोचं वजन १ मीटर उंचीवरून तीनदा टाकायचं आणि दांडी किती सेंटिमीटर रुतली ते वाचायचं. ब्रिटनमधली गोइंगस्टिक ही मोजकाठी याच्या एक पाऊल पुढे आहे. ती आधी जमिनीत खुपसतात, मग ४५ अंशांत मागे ओढतात. म्हणजे दबणं आणि आडवा विरोध दोन्ही मोजले जातात. आकडा हाती आला तरी शर्यतीगणिक गवत उखडत जातं, आतली कड चिखलते, जॉकी घोडा बाहेरच्या ताज्या पट्ट्यावर नेतात. पुण्यात पावसाळी मोसमात आकाशाकडे बघत बसलेला रेसप्रेमी हीच भौतिकी मनात सोडवत असतो. त्यात एप्समच्या डर्बीसारखा चढउतारांचा ट्रॅक असेल, तिथल्या टॅटनम कॉर्नर या वळणाच्या उतारावर वळताना घोड्याचा तोल पाहायचा असेल, तर केम्प्टनच्या दिव्यांखालची सपाट वळणं फिकी वाटणारच.

पण ऑल-वेदरला कमअस्सल म्हणणं मला पटत नाही. जमीन स्थिर ठेवली की घोड्यांमधला फरक उघडा पडतो. दोन आठवड्यांच्या अंतराने नोंदलेल्या वेळा टर्फवर शेजारी ठेवल्या तर फसगत होते. न्यूकॅसलच्या टॅपेटावर ती तुलना बऱ्याच विश्वासाने करता येते. प्रयोगशाळेत आपण हेच तर करतो. एनेबल ही घोडी नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिल्यांदा धावली ती न्यूकॅसलच्या याच ट्रॅकवर. पुढच्या वर्षी तिने एप्समला ओक्स आणि फ्रान्समध्ये आर्क या टर्फवरच्या नामांकित शर्यती जिंकल्या. २०१८ मध्ये दुखापतीनंतर तिला परत आणलं ते केम्प्टनच्या पॉलिट्रॅकवर, आणि पुढच्याच महिन्यात लाँगशाँच्या हिरवळीवर तिने दुसऱ्यांदा आर्क घेतली. त्या नोव्हेंबरच्या साध्या शर्यतीकडे 'वाळूवरची' म्हणून पाठ फिरवणाऱ्यांचं नुकसान झालं.

माझी तक्रार वेगळीच आहे. २०२१ पर्यंत साउथवेलला फायबरसँड होती: वाळू आणि तंतू यांचं मिश्रण, खोल, दमवणारी, मागच्या घोड्याच्या तोंडावर वाळूचा मारा करणारी. तिथे इतरत्र सामान्य ठरलेले घोडे वर्षानुवर्षं जिंकत. आता तिथेही टॅपेटा आहे. घोड्यांच्या दृष्टीने बदल चांगला असेल, पण सहाही ट्रॅक पॉलिट्रॅक किंवा टॅपेटा याच दोन मिश्रणांवर आले. टर्फवर एप्समची खडूवरची माती वेगळी, लिंगफील्डची चिकणमाती वेगळी. तसं वाळू, तंतू आणि मेण यांचं प्रमाण बदलून सुरक्षिततेच्या मर्यादेत वेगवेगळ्या स्वभावाचे ट्रॅक घडवणं अशक्य नाही. कर्तन-सामर्थ्य किती हवं, रबर किती, मेण कोणत्या तापमानाला मऊ व्हावं, हे सगळं आता मोजता येतं. ते मोजूनसुद्धा सगळीकडे तीच दोन उत्तरं का निवडायची?