आमरीची जुनी चित्रं : मलबार, मद्रास आणि दापोडी

जुन्या दुर्मिळ पुस्तकांतली ऑर्किडची चित्रं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंग्लंडमधली रंगीत, भारी पानं येतात. जेम्स बेटमनचं मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या ऑर्किडवरचं अवाढव्य पुस्तक त्यांत सर्वांत नावाजलेलं. ते १८३७ ते १८४३ या काळात निघालं आणि त्याच्या जेमतेम १२५ प्रती छापल्या गेल्या. पण आपल्या सह्याद्रीत फुलणाऱ्या आमरींची, म्हणजे इथल्या ऑर्किडची, छापील चित्रं त्याआधी जवळपास दीडशे वर्षांपासून आहेत.

त्याची सुरुवात कोचीनला झाली. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधला अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तिथल्या झाडपाल्याची माहिती गोळा करायला घेतली. मदतीला इट्टी अच्युतन हे वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मणही. या तिघांनी १६७५ साली दिलेला नागरी लिपीतला दाखला या माहितीतून तयार झालेल्या ‘होर्टुस मलाबारिकुस’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात कोरून छापला आहे. मराठी वाचकाने ते पान एकदा तरी पाहावंच. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, अ‍ॅमस्टरडॅमला छापलेलं पुस्तक, आणि त्यातली अक्षरं आपल्याला लावता येतात!

या ग्रंथाचे बारा खंड १६७८ पासून १६९३ पर्यंत निघाले. बाराव्या खंडाचं पहिलंच चित्र एका आमरीचं आहे. जाड, पट्ट्यासारखी पानं, मुळं आणि खाली झुकलेला फुलांचा घोस. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर फुलणारी सीतेची वेणी ती हीच. ऱ्हीडला हा खंड छापलेला पाहायला मिळाला नाही. कोचीनहून सुरतेला जाताना १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळ जहाजावरच तो वारला. त्याची कबर सुरतेत आहे.

पुढे १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या आमरीला शास्त्रीय नाव दिलं. तो भारतात कधी आलाच नव्हता. त्याने आधार घेतला तो याच चित्राचा, आणि आजही या जातीचा मूळ नमुना म्हणून हे चित्रच धरलं जातं. ऑर्किडच्या बाबतीत चित्राला एवढं वजन का, याचं कारण फुलातच आहे. आमरीचं फूल मांसल असतं. कागदात दाबून वाळवलं की ते काळवंडतं, ओठाची, म्हणजे वेगळ्या आकाराच्या एका पाकळीची, घडी मोडते, पुंकेसर आणि स्त्रीकेसर जुळून झालेला मधला स्तंभ चेपतो. ओळख तर याच भागांवरून पटवायची असते. त्यामुळे ताजं फूल समोर ठेवून काढलेलं चित्र हाच कित्येकदा भरवशाचा पुरावा ठरतो.

हे सर्वांत नीट दिसतं ते मद्रासला, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटच्या ‘आयकोनीस’ या सचित्र ग्रंथमालेत. १८३८ ते १८५३ या काळात तिच्यात दोन हजारांहून जास्त शिळाछापाची चित्रं निघाली. पानावर अख्खं झाड, आणि शेजारी सुटा केलेला ओठ, स्तंभ, परागांचे गोळे, सगळं मोठं करून काढलेलं. ही चित्रं काढणारे मुख्यतः दोघे, रुंगिया आणि गोविंदू. वाइटने एका आमरीच्या प्रजातीला ‘गोविंदूइया’ असं नाव दिलं. ती प्रजाती आता ट्रॉपिडिया या दुसऱ्या प्रजातीत धरतात, म्हणून ते नाव वापरातून गेलं. तरी एका भारतीय चित्रकाराची अशी दखल त्या काळी घेतली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

मुंबई इलाख्यात मात्र चित्रं आणि पुस्तक यांची गाठ पडली नाही. जॉन ग्रॅहमची मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी १८३९ मध्ये आली. डॅलझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटी प्रेसमध्ये छापला गेला. दोन्ही बिनचित्रांची. चित्रं काढलीच गेली नव्हती असं नाही. याच अलेक्झांडर गिब्सनने पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत १८४७ ते १८५० दरम्यान एका चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची देखणी रंगचित्रं करवून घेतली होती. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढीच त्याची ओळख उरली, नाव कुठेच नोंदलेलं नाही. ही चित्रं ‘बॉम्बे फ्लोरा’त छापली गेली असती तर इथल्या अभ्यासकांच्या किती पिढ्यांचं काम सोपं झालं असतं!

खास मुंबई इलाख्याच्या ऑर्किडवरचा ग्रंथ यायला १९६६ साल उजाडलं. तो फादर सांतापाव आणि कापडिया यांचा. आज ऱ्हीड आणि वाइट या दोघांचीही पानं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. बाराव्या खंडापासून सुरुवात करा, आणि चित्र मोठं करून आधी मुळं पाहा. झाडाच्या सालीला ती कशी धरून असतात, हे कोरणाऱ्याने बारकाईने दाखवलं आहे.