मरीयेची मागणी आणि दहा कुमारींचे दिवे

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशूची आई मरीया हिची योसेफाशी 'मागणी झालेली होती' असं वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर साखरपुडा येतो. पण पुढच्याच ओळीत योसेफाला 'तिचा पती' म्हटलंय आणि तो तिला गुपचूप सोडून द्यायचं ठरवतो. तिथलं ग्रीक क्रियापद घटस्फोटासाठीही वापरलं जाणारं आहे. साखरपुडा मोडायला घटस्फोट कशाला हवा?

कारण तो साखरपुडा नव्हताच. यहुदी लग्न त्या काळी दोन टप्प्यांत होई. पहिला टप्पा किद्दुशीन. वराने साक्षीदारांसमोर वधूला पैसे किंवा लेखी दस्त दिला की कायद्याने ती त्याची बायको झाली. पैसे किती, यावर दोन गुरुकुलांचा वाद मिश्नात, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, नोंदलाय. शम्माईचे अनुयायी म्हणत, निदान एक दीनार हवा; हिल्लेलचे म्हणत, परुटा हे तांब्याचं एक लहानसं नाणंही पुरे. रक्कम नाममात्र असली तरी बंधन पक्कं, ते तोडायला सूटपत्रच, म्हणजे घटस्फोटाचा लेखी दाखलाच, लागे. आणि तरीही मुलगी बापाच्याच घरी राही. तयारीसाठी कुमारीला 12 महिने आणि विधवेला 30 दिवस, असा मिश्नातला नियम. मग दुसरा टप्पा, निसुईन: वधूला वाजतगाजत वराघरी आणायचं आणि पुढे सात दिवस जेवणावळी. योहानाच्या शुभवर्तमानातल्या काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा यजमानावर काय ओढवलं असेल, ते या सात दिवसांवरून कळतं.

करारपत्राला कतुबा म्हणत. नवऱ्याने सोडलं किंवा तो वारला, तर कुमारी म्हणून लग्न झालेल्या स्त्रीला 200 दीनार आणि विधवा म्हणून लग्न झालेल्या स्त्रीला 100. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार आहे. त्या हिशेबाने 200 दीनार म्हणजे 200 दिवसांचे कष्ट. अशी कागदपत्रं खरोखर सापडलीही आहेत. मृत समुद्राजवळच्या एका गुहेत 1961 साली बाबथा नावाच्या स्त्रीचं चामडी पिशवीत जपलेलं दप्तर मिळालं, त्यात तिचा कतुबाही होता.

इथे एक सावधगिरी हवी. मिश्नाचं संकलन इ.स. 200 च्या सुमाराचं, म्हणजे येशूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. दोन टप्पे मात्र त्याहून फार जुने: मागणी झाली पण बायको घरी आणली नाही, अशा पुरुषाने लढाईवरून परत जावं, असं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायातच आहे. याउलट, वर बापाच्या घरी खोली बांधायला जाई आणि बाप 'आता जा' म्हणेपर्यंत थांबे, असं वर्णन प्रवचनांत हमखास ऐकू येतं. 'माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत' या येशूच्या वचनाशी ते सुंदर जुळतं, पण जुन्या ग्रंथांत त्याला ठाम आधार नाही. मला ते टाळलेलंच बरं वाटतं. जे पक्कं आहे तेच पुरेसं बोलतं.

होशेयाच्या पुस्तकात देव इस्राएलला म्हणतो, मी तुला कायमची आपली वाग्दत्त करीन. तीच भाषा पौल करिंथच्या मंडळीसाठी उचलतो: मी तुमचं एका पतीशी वाग्दान केलं आहे. बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवतो. येशूच्या दाखल्यात दहा कुमारी दिवे घेऊन थांबल्यात त्या वराच्या येण्यासाठी, आणि प्रकटीकरणाच्या 19 व्या अध्यायात कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं, लग्न निघालंय. मंडळी ख्रिस्ताची झालेलीच आहे, फक्त अजून घरी नेलेली नाही. हे 'झालेलीच' आणि 'अजून नाही' एकाच वेळी खरं कसं, हे किद्दुशीन ते निसुईन या मधल्या दिवसांत जगलेल्या मुलीला समजावून सांगावं लागलं नसतं.

मध्ययुगात हे दोन टप्पे हळूहळू एकाच दिवशी, एकाच मांडवाखाली होऊ लागले आणि मधला काळ संपला. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या लग्नातही ते एकापाठोपाठच होतात, आणि कतुबा तिथे आजही सर्वांसमोर वाचला जातो.