माशीकडून लाल ठिपक्याकडे: पिस्तुलाच्या नेमाची पार्श्वभूमी

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथल्या सी हॅरियर या लढाऊ विमानात वैमानिकाच्या डोळ्यांसमोर नेमाची खूण दाखवणारी जी तिरकी काच असे, पिस्तुलावरचा लाल ठिपका, म्हणजे नेम धरायला छोट्या काचेत दिसणारी प्रकाशाची खूण, तिच्याच घराण्यातला.

घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे डब्लिनचे दुर्बीणकार सर हॉवर्ड ग्रब. पिस्तुलावरची मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची छोटी खूण) आणि लक्ष्य तीन वेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहतो, ही नेमबाजाची जुनी अडचण. ग्रब यांनी 1900 साली त्यावर तोड काढली: नेमाची खूण प्रकाशाने अशी दाखवायची की ती लक्ष्याइतकीच दूर भासावी. ही युक्ती पहिल्यांदा रुळली ती लढाऊ विमानांत. 1975 साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बॅटरीवर चालणारा ठिपका बाजारात आणला. आत छोटा एलईडी आणि समोर वक्र काच, एवढंच. लेझरसारखा हा ठिपका लक्ष्यावर पडत नाही. तो फक्त नेम धरणाऱ्याला दिसतो.

पिस्तुलावर तो गाजला 1990 मध्ये, ॲडलेडच्या जागतिक प्रॅक्टिकल नेमबाजी (वेग आणि अचूकता दोन्ही मोजणारी नेमबाजी) स्पर्धेत ठिपका वापरून नेमबाज डग केनिग जिंकला तेव्हा. त्या काळची यंत्रं थोराड. स्लाइडचा, म्हणजे गोळी झाडताच मागे-पुढे सरकणाऱ्या पिस्तुलाच्या वरच्या भागाचा, हिसका सोसणारी चिमुकली यंत्रं नंतर आली. ट्रिजिकॉन कंपनीचं आरएमआर हे तसं यंत्र 2009 चं. पुढे ते बसवायला कारखान्यातूनच खाच पाडलेल्या स्लाइड मिळू लागल्या.

तंत्राची उलथापालथ इथेच आहे. माशीच्या पद्धतीत नजर माशीवर ठेवायची, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं. ठिपक्यात दोन्ही डोळे उघडे आणि नजर थेट लक्ष्यावर. चाळिशीनंतर माशी पुसट दिसू लागलेल्यांना हे वरदानच वाटतं. पण नवखा गडबडतो. वास्कोचे माझे प्रशिक्षक, नौदलातून निवृत्त झालेले, रिकामं पिस्तूल हातात देत. मी ते उचललं की काच कोरी! "सर, ठिपकाच नाही." मी मान वाकडी करून शोधू लागलो की ते म्हणत, "मान हलवू नको रे बाबा, मनगट बघ." पकड तीच आणि मनगट सरळ असेल, तर पिस्तूल डोळ्यासमोर येताच ठिपका काचेत असतो. हे अंगवळणी पडायला मला शेकडो वेळा उचलावं लागलं. मग ठिपक्याची थरथर दिसू लागते. तो लक्ष्याच्या अगदी मध्यावर येईपर्यंत थांबलं की शेवटी ट्रिगरला झटका बसतो. थरथर चालू देऊन ट्रिगर सावकाश दाबत राहायचं.

ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत मात्र ठिपक्याला परवानगी नाही. त्यामुळे गोव्यात 10 मीटर एअर पिस्तूलने सुरुवात करणारी मुलं आजही आधी माशीच शिकतात.